तिगावहून आणलेली गाडी

वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. पण गुणवंता माझा सख्खा आतेभाऊ आहे आणि आजवर त्याने मला एकही थाप मारलेली नाही. ही थाप असती तर मला शांत झोप तरी लागली असती.

आणि भुतांना रात्रच लागते असं कोण म्हणतं? हे सगळं भर दुपारी घडलं. गेल्या नोव्हेंबरातला शनिवार, साडेतीनचा सुमार, पांढुर्णा-सौंसर रस्ता.

गुणवंता मोहगावचा. संत्र्याची बाग आहे. घरात बायको सुचिता आणि आई, म्हणजे माझी सुशीलाआत्या. आत्याच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. दर सोमवारी आणि गुरुवारी नागपूरला डायलिसिस. जाताना बस, येतानाही बस. येताना तिला उलट्या व्हायच्या, लोक नाक दाबायचे आणि बिचारी शरमेने अर्धी व्हायची.

एक दिवस ती म्हणाली, "आता नाई जात मी. मरू दे मले घरीच."

त्याच दिवशी गुणवंताने गाडी घ्यायचं ठरवलं.

नवी की जुनी, यावरून घरात जुंपली. शोरूमवाला म्हणत होता, आज बुक करा, तीन महिन्यांनी घेऊन जा.

"थांबू ना तीन महिने," सुचिता म्हणाली. "लोकाईची वापरलेली गाडी. तिच्यात कोन बसलं, काय झालं, आपल्याले काय माहीत?"

"तीन महिने माय थांबन का?"

शेवटी असं ठरलं, की नवी बुक करून ठेवायची आणि ती येईपर्यंत जुनी चालवायची.

तिगावच्या रघुनाथराव नावाच्या म्हाताऱ्याकडे एक गाडी होती. चार वर्षांची, लख्ख ठेवलेली. माणूस घरात एकटाच. आत्याला बसायला जमतं का ते बघायला गुणवंता तिला सोबत घेऊनच गेला.

समोरच्या सीटवर जुन्या लुगड्याची, हाताने शिवलेली एक गादी होती. सौदा पटला, तसे रघुनाथराव ती काढायला आले.

"हे नाई देत, गड्या. बैल इकला तरी दावं आपण आपल्याजवळच ठेवतो ना?"

खरंच आहे. आपल्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं कुणी देत नाही. घेणाराही मागत नाही. गुणवंताने स्वतः दोन बैलजोड्या विकल्या, त्यांची दावी अजून त्याच्या गोठ्यात टांगलेली आहेत.

पण आत्या त्या गादीवर बसली होती.

"भाऊ, लय बरं वाटून राहिलं. राहू द्या ना इथंच."

रघुनाथरावांचा हात हवेतच थांबला. दुखणेकरी बाईला नाही कसं म्हणायचं?

"ठेवा," ते म्हणाले. जेमतेम ऐकू आलं.

गुणवंताने तेव्हाच आईला अडवायला हवं होतं. नाही अडवलं. कित्येक महिन्यांनी आई कण्हल्याशिवाय बसली होती, तेवढंच त्याला दिसत होतं.

निघताना आत्या थकली म्हणून मागच्या सीटवर आडवी झाली. समोर फक्त ती गादी.

पांढुर्णा मागे पडलं. रस्ता मोकळा होता. लख्ख ऊन.

आणि मग...

टिंग. टिंग. टिंग.

समोर बसलेल्याने पट्टा लावला नाही की ही गाडी अशी वाजते. पण समोर कुणी नव्हतंच.

"वायर ढिली असन," गुणवंता स्वतःशीच मोठ्याने म्हणाला. हात लांब करून त्याने रिकाम्या सीटचा पट्टा अडकवला. आवाज थांबला.

एक किलोमीटर गेलं असेल...

खट्!

पट्टा आपोआप सुटला.

टिंग. टिंग. टिंग.

त्याने मान वळवली. गादी मधोमध दबली होती. कुणी बसल्यावर दबते तशी.

मग त्या बाजूची काच... हळूहळू... खाली गेली. गुणवंताचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते.

मागून आत्या बोलली.

"हो बाई, सोमवार अन् गुरुवार. तुमचे बी तेच वार होते का?"

गुणवंताने विचारलं, "कोनाशी बोलून राहिली, माय?"

"हे समोरची बाई. समजदार आहे मोठी. म्हणते, उलटी आली का काच खाली करत जाय, शरमू नको."

त्याने गाडी कडेला घेतली आणि रघुनाथरावांना फोन लावला. तो काही बोलायच्या आधीच पलीकडून प्रश्न आला.

"बसली ना ती?"

"कोन?"

"अलका. माही बायको. दोन वर्षं तिले नागपूरले नेलं ह्याच गाडीनं. गेली ते. पण गादी होती तवर इथं होती. मले एकट्याले तेवढीच सोबत होती, गड्या."

"मी आत्ताच आनून देतो."

"मागून नेलं ना तुमच्या मायनं. आता मायनंच वापस करा म्हटलं पाहिजे."

आत्याने सगळं ऐकलं होतं.

"मी नाई देत," ती म्हणाली. "बसमधी मी एकटीच असतो, बाप्पा. इथं सोबत हाय."

गुणवंता तरी काय करणार? गादी फेकली तर आई गाडीत बसणार नाही. पुन्हा बस, पुन्हा "मरू दे मले". तो मुकाट्याने घरी आला. सुचिताला चकार शब्द सांगितला नाही.

तीन महिने हे असंच चाललं. आत्याने एकदाही जायला नकार दिला नाही. चेहऱ्यावर जरा तेजही आलं. आत्या मागे आडवी, समोर गादी; दोघींच्या गप्पा चालायच्या आणि गुणवंताला त्यातली एकच बाजू ऐकू यायची. त्या गप्पांची त्याला सवय झाली. भीती मात्र तेवढीच राहिली.

आणि काल, सोमवारी...

नागपूरहून निघताना आत्याने समोरचं दार उघडलं. गादीवर बसली. स्वतःच्या हाताने पट्टा लावला.

"माय, मागं आडवी हो ना."

"मागं ती झोपली. म्हणे, आता तू समोर बस."

"काहून?"

"ते नाई सांगितलं."

सौंसर येईपर्यंत गुणवंताने आरशात बघितलं नाही. मग बघितलं. काय दिसलं, ते तो सांगत नाही. मीही खोदून विचारलं नाही.

घरी आल्यावर त्याने रघुनाथरावांना पुन्हा फोन केला. म्हातारा म्हणाला, "अलका बी मागंच झोपून जाय. शेवटल्या हप्त्यात आपल्या मनानंच समोर येऊन बसली."

आज दुपारी गुणवंताने मला फोनवर हे सगळं सांगितलं. नवी गाडी उद्या मिळणार आहे. तो रडत होता.

"गुरुवारी मायले कोन्या गाडीनं नेऊ, सांग. जुनीनं न्यायचं भेव वाटते. अन् नवीत मी पायच ठेवत नाई म्हणते ते. नाई नेलं तं हप्ताभर बी नाई काढत, डॉक्टरनं सांगितलं."



तेवढ्यात मागून सुचिताचा आवाज आला. "अवो... आई खाटेवर नाईत!"

गुणवंता फोन कानाला लावूनच अंगणात धावला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग तो एकदम थांबला.

"माय," तो हळूच म्हणाला, "उतर ना. आज मंगळवार हाय."

फोन कट झाला. तेव्हापासून मी लावतोय. तो उचलत नाही.