टेकाडावरची मादी

निमोण्याच्या माळावर कृपाची स्कूटी पंक्चर झाली, तेव्हा मदतीला आलेल्या तरुणाच्या मालकीचे तिथे पर्यटकांसाठीचे तीन तंबू, एक दुर्बीण आणि अमाप आत्मविश्वास होता.

"लांडगा बघायला आलाय? मग पंक्चर बरोबर जागी झालीय," स्वराज म्हणाला.

"बघायला नाही. लांडग्यांवर पीएचडी करतेय मी."

"म्हंजी न बघताच?"

तिला हसू आले... विद्वत्तेची परवानगी न घेता.

आठवडा सरला, लांडगा दिसेना. शेकोटीपाशी चहाचा कप देताना स्वराजची बोटे अंमळ रेंगाळली. त्या हाताकडे पाहत ती म्हणाली, "आधी रोज लांडगा दाखवा. मग तुमचा विचार करू."

दुसऱ्या दिवसापासून ऊन कलता कलता समोरच्या टेकाडावर मादी येऊ लागली; मागे दोन पिल्ले. दुर्बीण एकच असल्याने खांद्याला खांदा लागणे निव्वळ शास्त्रीय कारणाने घडत राहिले. येत्या पाडव्याला दोघांनी आपापल्या घरी लग्नाचे सांगायचे ठरले. तिच्या चर्चमधली मंडळी काय म्हणतील, त्याची भावकी काय म्हणेल, याच्या नकला करून दोघे पोटभर हसले.

मग एका सकाळी कृपा टेकाडामागे गेली. स्वराज गोणी रिकामी करत होता — चुलत्याच्या पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या. वासावर वस्तीवरची कुत्री जमलेली, आणि पलीकडे, गवतात, त्यांनी फाडलेले एक पिल्लू.

"हे... कधीपासून?"

"तुम्ही म्हणालात तवापासून. तुमच्यासाठीच की."

"कुत्री येतील, हे सुचलं नाही?"

"रोज हाकलतो मी. आज जरा उशीर झाला..." तो घुटमळला. "रागावलात व्हय?"

रागावण्यासाठी थोडी तरी ऊब लागते. त्याने फसवले असते तर सोपे होते. त्याने तिने मागितले तेच आणून दिले होते. आणि एवढे दिवस ती याला नैसर्गिक वर्तन म्हणत होती — मादीचे, आणि स्वतःचेही.

दुपारी तिने स्कूटीला बॅग बांधली.

"परत कवा?"

"हे खायला घालणं आजपासून बंद करा. मादी यायची थांबली, की फोन करा. मी येईन."

"ती आलीच न्हाई तर लोकं कशाला येतील हितं?"

"मी येईन म्हटलं ना."

त्याने रिकामी गोणी घडी करून काखेत मारली.

पावसाळा संपला. फोन आला नाही. मोबाइलवर स्वराजच्या तंबूंची जाहिरात आली — 'लांडगा हमखास'. फोटोत मादी एकटीच होती. तिची नजर फोटो काढणाऱ्याच्या हाताकडे लागलेली.

त्या हाताकडे कृपानेही कधी तसेच पाहिले होते.