एक कप जादा

दौंडच्या रेल्वे कॉलनीत दुपारचे चार वाजले की घरोघरी चहा उकळतो. दीक्षा मात्र त्या वेळी वही उघडून बसायची. करुणानं किती दूध घेतलं, किती झोपली, किती वेळा शिंकली, सगळं तारीखवार. संख्याशास्त्रात बीएस्सी केलेल्या बाईला पहिलंच लेकरू झालं की एवढं तरी व्हायचंच.

गेल्या पंधरवड्यात नवऱ्यानं त्या वहीत एक रकाना घुसवला होता. शेडमध्ये फिटर असलेल्या सम्राटला मोबाईलवर नवं खूळ सापडलं होतं. ॲप विचारायचं, पंधरा मिनिटांनी बिटकॉइनचा भाव वर असेल की खाली? उत्तर निवडायचं, शंभर रुपये लावायचे. आणि नेमकी त्याच वेळी अकरा महिन्यांची करुणा हात टेकून, डोकं खाली घालून, दोन पायांच्या मधून मागं बघायची.

पहिल्यांदा सम्राट म्हणाला, "खाली म्हणतीय," आणि हरला.

"आरं येड्या," त्याची आई आक्काबाई म्हणाल्या, "लेकरू उलटं बघतंय. खालचं त्याला वर दिसनार, न्हाई व्हय?"

तेव्हापासून करुणा वाकली की वर, बसून राहिली की खाली. सलग एकोणीस वेळा बरोबर. दीक्षानं गणित मांडलं: योगायोगानं असं व्हायची शक्यता पाच लाखांत एक. वाकून उठली की पोरीचे तळवे गार पडतात, हेही तिनं लिहून ठेवलं.

आक्काबाईंना बिटकॉइनशी देणंघेणं नव्हतं. "पोर पायातनं बघाय लागलं की पाव्हणा येतो. वडगाव रासाईत कुनालाबी इचार." करुणा वाकली की त्या एक कप चहा जादा टाकायच्या. पाहुणा काही यायचा नाही. तो कपही मग त्याच प्यायच्या.

"आज शेवटचं," दीक्षा नवऱ्याला म्हणाली. "नाहीतर मी हिला घेऊन राहू गावाला माहेरी चालले. पोरगी आहे ती, ज्योतिषाचा पोपट नाही."

"शेवटचं. आईशपथ!"

"माझी कशाला घेतूस?" आक्काबाई आतून ओरडल्या. "त्या मोबाईलची घी की!"

एकविसावा प्रश्न आला. सम्राटनं वाचला, डोळे चोळले आणि फोन दीक्षापुढं धरला.

पंधरा मिनिटांत पाहुणा येईल का?

अठरा हजार लोकांनी पैसे लावले होते. सत्त्याण्णव टक्के: होय.

करुणा वाकली.

सम्राटचा अंगठा सवयीनं 'होय'वर गेला. दीक्षानं उठून दाराला आतून कडी घातली. घराला दुसरं दार नव्हतं.

जादा कप भरून ओट्यावर ठेवून आक्काबाई बाहेर आल्या. तिघं दाराकडं बघत बसली. डेमू गाडी शिट्टी देऊन पुण्याकडं गेली. दार कुणी वाजवलं नाही.

फोन टिणकला. तुम्ही जिंकलात.

"आँ? पण आलंय कोण?" सम्राट म्हणाला.

तेव्हा दीक्षाच्या ध्यानात आलं. करुणा दाराकडं तोंड करून वाकली होती. म्हणजे पायांमधून तिला दार दिसत नव्हतं. मागचं स्वयंपाकघर दिसत होतं.

तिची एक मूठ उघडमीट होत होती, आजीनं शिकवल्यासारखी. या, या.

दीक्षानं झडप घालून तिला उचललं.

आत कुणीतरी बशीतला चहा फुंकून फुंकून फुरकत होतं.