निळी पट्टी, लाल पट्टी

सलग तिसऱ्या डावात नुझहत शून्यावर बाद झाली, तेव्हा कप्तान मुसैब म्हणाला, “उद्यापासून तू धावा लिहीत जा. बॅटिंगचं आमचं आम्ही बघतो.”

“कुपवाड्याला असंच खेळतात वाटतं,” फैझान म्हणाला. सगळे हसले.

सुट्टीसाठी ती कुपवाड्याहून काश्मीरमधल्याच संगमला मामाकडे आली होती. इथे तिच्या ओळखीचं कुणीच नव्हतं. मामाच्या बॅटच्या कारखान्यामागे, वाळत ठेवलेल्या विलोच्या लाकडाच्या फळ्यांआड ती जाऊन बसली. थोडा वेळ रडली. शोधत कुणी आलं नाही.

मग हाताला चाळा म्हणून ती मामाने नव्या मालातून दिलेल्या बॅटवर चेंडू आपटू लागली. मधे आवाज बोदा, वरही बोदा. खाली टोकाजवळ मात्र खणखणीत! तिने बॅटच्या पाठीवरून बोट फिरवलं. चेंडूला जोर देणारा लाकडाचा जाड फुगवटा खालीच होता.

पण बॅटवर पट्टी तर निळी होती. निळी म्हणजे फुगवटा वर, मागच्या पायावर जाऊन कट मारणाऱ्यांसाठी. नुझहत तशीच खेळायची. लाल म्हणजे फुगवटा खाली, पुढे येऊन ड्राइव्ह मारणाऱ्यांसाठी. ती धावत ट्रकसाठी बांधलेल्या बॅटच्या गठ्ठ्यांकडे गेली. सगळ्या पट्ट्या उलट्या! तिने जाऊन मामाला सांगितलं.

“हसनकाका वीस वर्षं पट्ट्या लावतोय,” मामा मान वर न करता म्हणाला. “तू खेळायला जा बघू.”

हसनकाका मोबाइलवर बोलत बोलतच पुढची पट्टी चिकटवत होता.

नुझहतला मुसैबकडे जायचं जिवावर आलं होतं. तरी गेली.

“माझी निळी घे, तुझी लाल मला दे. दोन्ही मामाच्या नव्या मालातल्याच आहेत. एकच ओव्हर.”

“माझ्याही बॅटने शून्य काढायचंय?”

पण त्याने घेतली. तिसऱ्या चेंडूवर त्याचा ड्राइव्ह चिनाराच्या झाडापार गेला. तो बॅटकडे बघतच राहिला. मग नुझहतने त्याला उलट्या पट्ट्यांचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ट्रक निघण्याआधी सगळी टोळी कारखान्यात हजर.

“चाचा, तुमचा कट म्हणे एके काळी फार जोरदार होता,” मुसैब मामाला म्हणाला.

“एके काळी? आण इकडे बॅट.”

नुझहतने गठ्ठ्यातली निळी दिली आणि चेंडूला खडू फासला. सहा कट, सहाही फुसके. बॅटच्या वरच्या भागात सहा पांढरे डाग उमटले आणि मामाचे हात झिणझिणले. मग तिने लाल दिली. पहिलाच चेंडू ट्रकच्या दारावर दणकला.

मामाने दोन्ही बॅटच्या पाठी चाचपल्या.

“हसन, तो फोन ठेव. माल खाली उतरवा.” मग तो नुझहतकडे वळला. “एवढे मोठे आम्ही, पण बॅट हातात घेऊन बघितली ती तू. शाबास, पोरी. काल ऐकायला हवं होतं मी.”

मुसैब घुटमळत जवळ आला. “उद्या सलामीला ये.”

“उद्या पहाटेच्या सुमो गाडीने मी परत चाललेय.”

बाकीचे जेवायला पांगले होते. कापणी झालेल्या भातशेतात मुसैबने एकट्यानेच तीन काठ्या रोवल्या आणि चेंडू घेऊन उभा राहिला.

“मग आत्ता खेळ,” तो म्हणाला.