पाण्यापलीकडची ओळ

मंचाच्या बाजूचा पडदा वीतभर लांब झाला होता आणि त्यात पाय अडकून समितीचे अध्यक्ष पडता पडता वाचले होते. म्हणून दुपारीच शिंप्याला बोलावणं आलं. सुईदोरा घेऊन तो नदीकाठच्या जुन्या जकात कचेरीत गेला आणि गुडघ्यांवर बसून पडद्याची कड दुमडू लागला. संध्याकाळी तिथे सीमेच्या आठवणींचा कार्यक्रम होता. आधी वाचन, मग संगीत, आणि मधे जमतील तेवढी भाषणं. भाषणं जमतातच.

अंगणात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. नदीच्या आठवणी सांगायला मंचावर येणाऱ्या प्रत्येकाची पाठ नदीकडे होईल, अशी चोख व्यवस्था होती.

"काका, तुमचं गाणं शेवटी," संगीतमास्तर म्हणाले. "तोंड लोकांकडे ठेवा. म्हणजे माइकमध्ये आवाज नीट येईल."

"हे गाणं नदीकडे पाठ करून म्हणत नाहीत."

"अहो, पण माइक..."

"माइकला सांगा वळायला." शिंप्यानं दातांनी दोरा तोडला.

मास्तरांनी माइक वळवला. गाणं येणारा दुसरा कोणी उरला नव्हता, त्यामुळे शिंप्याचा आडमुठेपणा खपवून घेण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

त्या गाण्याची हकीकत अशी. शिंपी लहान असताना नदीच्या मधोमध सीमा आली. एका सकाळी पूल बंद झाला. त्याचा धाकटा भाऊ आदल्याच दिवशी पलीकडच्या गावी मावशीकडे राहायला गेला होता, तो तिकडेच अडकला. पलीकडच्याशी बोलणं म्हणजे संपर्क आणि संपर्क म्हणजे गुन्हा, असा हुकूम दोन्ही बाजूंनी निघाला. हुकूम लिहिणाऱ्याच्या डोक्यात गाणं आलं नसावं. कचेरीच्या कामात असं राहून जातं. मग दिवेलागणीला लोक काठावर येऊन गाऊ लागले. चाल सगळ्यांची एकच. एका काठानं विचारायचं:

*दिवा लागला, पाणी काळं,*
*पलीकडच्या, काय खबर?*

आणि दुसऱ्या काठानं त्याच चालीवर उत्तर द्यायचं:

*दिवा लागला, पाणी काळं,*
*पलीकडच्या, ऐक खबर...*

पुढे ज्याची जी असेल ती बातमी. पहारेकरी ऐकत, कधी मानही डोलावत, पण गाण्याला मनाई नसल्यामुळे बंदूक खांद्यावरच राही. धाकट्याकडे बातम्यांना तोटा नव्हता. दात पडला. मावशीच्या कुत्रीला पिल्लं झाली. दादाची आठवण येत नाही, फक्त रात्री येते.

गाण्याचे रिवाज दोनच. पहिला, गाण्यात खोटं सांगायचं नाही. पलीकडे जाऊन खरंखोटं करता येत नव्हतं, त्यामुळे एवढं एकच पाप लोकांनी पाप म्हणून शिल्लक ठेवलं होतं. दुसरा, पलीकडून उत्तर येणं कायमचं थांबलं, तर विचारणाऱ्यानं एकदा उत्तराची ओळही आपणच म्हणायची. म्हणजे ते माणूस गेलं असं धरायचं, आणि त्याच्यासाठी पुन्हा गायचं नाही.

एका संध्याकाळी पलीकडच्या गावात दिवेच लागले नाहीत. तिकडच्या सरकारनं दिवसाउजेडी सगळं गाव गाड्यांत घालून हलवलं होतं. कुठे, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मावशी नाही, धाकटा नाही. पुढे कितीतरी वर्षांनी सीमा उघडली तेव्हा शिंपी पुलावरून पलीकडे जाऊन आला. छप्पर नसलेल्या भिंती होत्या आणि कमरेएवढं गवत होतं. कचेऱ्यांतून विचारलं तर सगळीकडून एकच उत्तर आलं: माहिती उपलब्ध नाही.

आई मात्र मरेपर्यंत रोज काठावर जाऊन विचारत राहिली. उत्तराची ओळ तिनं कधीच म्हटली नाही. अंथरुणाला खिळल्यावर एकदा शिंप्याचा हात धरून म्हणाली, "मोठ्या, तू पण म्हणू नकोस. आता मीच जाऊन बघते." आणि गेली.

आज शिंपी ती ओळ म्हणणार होता. लेकीनं त्याला कबूल करायला लावलं होतं.

"बाबा, तुमचं वय बघा," ती वर्षभर सांगत होती. "रोज संध्याकाळी त्या चिखलात उभं राहता. तुमच्यामागे मी उभी राहायचं का तिथे? सोडा आता काकाला."

ज्या काकाला तिनं पाहिलं नव्हतं, त्याला ती काकाच म्हणायची. शिंपी त्या एका शब्दानं विरघळला.

संध्याकाळी अंगण भरलं. एका बाईंनी पूल बंद झाल्या दिवसाची आठवण वाचली, वाचता वाचता त्यांचा चष्मा धूसर झाला. अध्यक्ष सीमेच्या दुःखावर इतकं सविस्तर बोलले की ते दुःख लोकांना प्रत्यक्ष भोगायला मिळालं. वादकांनी जुन्या चाली वाजवल्या. ऊन उतरलं. नदीवरून ओल्या गवताचा आणि कुजक्या लाकडाचा वास वर येऊ लागला. कोणीतरी मंचावरचा दिवा लावला.

शिंपी उठला आणि लोकांकडे पाठ करून उभा राहिला. समोर काळं पडत चाललेलं पाणी होतं, त्यापलीकडे गवत, त्यापलीकडे भिंतींचे दात. त्यानं म्हटलं:

*दिवा लागला, पाणी काळं,*
*पलीकडच्या, काय खबर?*

रिवाजाप्रमाणे तो थांबला. मागे एक खुर्ची करकरली. लेक हळूच म्हणाली, "बाबा... म्हणा आता."

त्यानं श्वास घेतला. तोंड उघडलं. आणि तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

*दिवा लागला, पाणी काळं...*

बाईचा आवाज. म्हातारा, चिरका, दुसऱ्या शब्दावर किंचित अडखळणारा. शिंप्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. पण घाबरण्याआधी त्याला दुसरंच काहीतरी झालं. सत्तरीतला तो माणूस कुणीतरी डोक्यावरून हात फिरवल्यासारखा आतून लहान झाला.

*पलीकडच्या मोठ्या, काय खबर?*

त्याला मोठ्या म्हणणारं आता कोणीही जिवंत नव्हतं. आणि ही उत्तराची ओळ नव्हती. ती विचारत होती.

*गवत झालं, भिंती झाल्या,*
*धाकटा नाही सापडला.*
*मोठ्या, तिकडे आलाय का?*

म्हणजे इतकी वर्षं ती त्या गवतात हिंडत होती. एकेका भिंतीआड वाकून बघत होती. आवाज पुन्हा आला, या वेळी पाण्याच्या जरा जवळून. "...आलाय का?" मग आणखी जवळून. गुडघाभर पाण्यात उतरल्यावर येतो तसा चुबकन आवाज झाला.

ती पाण्यात उतरत होती. आता नदीतही शोधणार होती.

"आई... थांब," तो पुटपुटला. आणि जे त्या काठावर कोणी कधी केलं नव्हतं, ते त्यानं केलं.

*दिवा लागला, पाणी काळं,*
*पलीकडच्या, ऐक खबर.*
*धाकटा आला. घरी आला.*
*बस आता, दमलीस.*

पाण्यातला आवाज थांबला. मग डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवताना माणूस सोडतं तसा एक लांब सुस्कारा त्या काठावरून आला, आणि गवत हललं, आणि शांत झालं.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. संगीतमास्तर डोळे पुसत धावत आले. "काका, पलीकडे बाई कोण उभ्या केल्या होत्या? आधी सांगायचं, एक माइक तिकडे लावला असता!"

शिंपी मंचावरून उतरला. लेकीनं त्याचा दंड धरला. तिचा हात गार पडला होता.

"बाबा... आजी होती?"

"हो."

"तुम्ही खोटं सांगितलंत."

"हो."

घर जवळच होतं. जिन्याच्या पायरीवर शेजारीण उभी होती, हातात टॉवेल घेऊन.

"बरं झालं आलात. अहो, पाहुणा आलाय तुमच्याकडे. एवढासा मुलगा, नखशिखांत भिजलेला. आभाळात ढग नाही आणि हा कुठे भिजला कोण जाणे! दादाचं घर हेच का, विचारत होता. मला वाटलं, तुमच्या नात्यातला असेल. पुसायला टॉवेल आणायला गेले, तेवढ्यात आत गेला."

"आत कसा जाईल?" लेक म्हणाली. "किल्ली माझ्याकडे आहे."

तिघंही वर गेले. दाराला कुलूप तसंच होतं. उंबऱ्याखालून पाण्याचा एक बारीक ओघळ बाहेर आला होता. त्याला ओल्या गवताचा आणि कुजक्या लाकडाचा वास होता.

"काय म्हणाला तो?" शिंप्यानं विचारलं. "आणखी काही म्हणाला?"

"आई कुठंय म्हणाला." शेजारीण लेकीकडे बघून ओशाळली. "मला वाटलं, ताईंबद्दल विचारतोय. म्हटलं, नदीवर गेल्यात, येतीलच आता. मग हसला बिचारा."

शिंपी वळला आणि जिना उतरून काठाकडे पळत सुटला. अंगणात खुर्च्यांची आवराआवर चालली होती. त्यांच्यामधून वाट काढत तो थेट पाण्यापर्यंत गेला आणि विचारू लागला, पलीकडच्या, काय खबर, पलीकडच्या, काय खबर. घसा फुटेपर्यंत विचारलं. तिकडून काही आलं नाही. ती बसली होती. त्यानंच बस म्हणून सांगितलं होतं, आणि गाण्यातल्या शब्दावर तिचा विश्वास होता.

तो परत आला तेव्हा लेक जिन्यात बसून होती, किल्ली मुठीत घट्ट धरून. शेजारीण आपल्या घरात जाऊन दार लावून बसली होती.

"उघडू, बाबा?"

"नको. तो विचारेल."

"काय सांगणार आहात त्याला?"

शिंपी तिच्याशेजारी पायरीवर बसला. बंद दाराआड त्याचं शिलाई मशीन होतं. त्याचा पट्टा तुटल्याला महिना झाला होता. आता त्याचं पायडल हळूहळू हलू लागलं. खट... खट... खट. पाय न पुरणारं पोर खुर्चीच्या कडेवर सरकून, आईची वाट बघताना, वेळ घालवायला चालवतं तसं. मधेच ते थांबे. जिन्यात कोणाची पावलं वाजतात का, याचा कानोसा घेतल्यासारखं.

मग पुन्हा सुरू होई.