अठरा सेकंद मागे

बोर्ली पंचतनच्या बाजारात, सुजितच्या दुकानात नेटवर्क केबलचं एकच वेटोळं उरलं होतं आणि त्याची दोन टोकं दोघांच्या हातात होती. एका टोकाला यशोधन, शाळेत कॉम्प्युटर शिकवणारा. दुसऱ्या टोकाला... त्याने वर पाहिलं आणि आपलं टोक सोडून दिलं.

"घ्या तुम्ही."

"इतक्या लवकर हरता?" ती हसली. "पण नुसती केबल नेऊन काय करू? जोडायची कशी तेच कळत नाही."

ती गौरी. पुण्यात पुस्तकांसाठी चित्रं काढायची. आठ दिवस घरी आली होती. तिच्या घरच्या सुपारीच्या वाडीत दगडी डोण होती. त्या डोणीच्या पाण्यावर पक्षी उतरत. तिथे तिने कॅमेरा लावला होता. ते पक्षी तिला आपल्या वेबसाइटवर थेट बघायचे होते. पुण्यातल्या खोलीच्या खिडकीबाहेर भिंतच होती म्हणे.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की यशोधनची सायकल वाडीकडे वळू लागली. कॅमेरा चालू, वेबसाइट चालू, पण चित्र काही येईना.

"कॅमेरा बोलतो ते ब्राउझरला कळत नाही," त्याने समजावलं. "मध्ये दुभाष्या लागतो." आणि आपला जुना, छोटा कॉम्प्युटर त्याने पडवीत आणून जोडला.

"तुम्हालाही एक लागेल," गौरी म्हणाली.

"काय?"

"दुभाष्या. कधीची बघतेय, काहीतरी ओठांवर येतं... आणि तुम्ही केबल तपासता."

त्याचे कान तापले. त्याने केबल तपासली.

सहाव्या दिवशी चित्र आलं. डोणीत एक पिवळाधमक हळद्या पंख फडफडवत होता – मोबाइलवर मात्र डोण रिकामी! हळद्या उडून गेला, तेव्हा कुठे तो मोबाइलवर उतरला.

"हे तर शिळं आहे हो!"

"चित्राचे तुकडे करून पाठवावे लागतात. अठरा सेकंद मागे पडतं. कमी करून बघतो..."

"राहू दे. तुमच्यापेक्षा पुढेच आहे."

रविवारी दुपारी तिची एसटी होती. "तीन वाजून दहा मिनिटांनी बसमधून बघेन," निघताना ती म्हणाली. "डोणीपाशी उभे राहून हात करा." थोडी घुटमळली. "फक्त हात... की अजून काही?"

तो "बरं" म्हणाला. नुसतं बरं! मग तो वाडीभर फिरत राहिला. चार पावलं फाटकाकडे, चार माघारी. आज बोललो नाही तर पुढे फक्त पक्षी दिसत राहतील, तिला. आणि आपल्याला? काहीच नाही.

सुपारीच्या झाडाखाली झावळीचं रुंद बूड, विरी, गळून पडलं होतं. न्हाणीच्या चुलीतला कोळसा आणून त्याने त्यावर लिहिलं, 'शनिवारी या. पक्ष्यांसाठी नको. माझ्यासाठी.' आणि तीन दहाला विरी कॅमेऱ्यासमोर धरली.

एक. दोन. तीन...

आणि सगळा धीर गळाला. अजून पंधरा सेकंद आहेत! पडवीतला प्लग ओढला तर तिच्यापर्यंत काही पोचणार नाही. तो विरी टाकून धावला. एक चप्पल पाटाच्या पाण्यात गेली.

"अरे, कुठे आग लागली?" गौरीची आई, पद्माकाकू, सूप घेऊन बाजूला झाल्या.

अकरा. बारा. प्लग त्याच्या मुठीत होता. ओढला असता तर गौरीला काळी चौकट दिसली असती. थोडा वेळ. त्याला मात्र ती जन्मभर दिसली असती.

त्याने मूठ सोडली.

सोळा. सतरा. अठरा.

काही नाही. तीस. चाळीस. पद्माकाकू बघत होत्या. मग फोन वाजला.

"अक्षर किती वाईट हो तुमचं! मास्तर ना तुम्ही?"

"कोळसा होता..."

"शनिवारी येते."

"पक्ष्यांसाठी?"

"वाचता येतं मला."

पलीकडे बसचा कर्कश हॉर्न वाजला.

"आणि ती विरी तिथेच उभी करून ठेवा. शनिवारपर्यंत."

"पक्षी बिचकतील."

"बिचकू देत. चला, हात करायचा राहिलाय तुमचा!"

फोन कानाला लावून, एका पायात चप्पल घालून तो डोणीपाशी गेला. हात वर केला, हलवला आणि मोजू लागला.

अठराव्या आकड्याला फोनमध्ये गौरी हसली.