दादाच्या नावाचा घास

कुत्रं दादाला पाण्यातून बाहेर ओढत होतं, की पाण्यात ढकलत होतं?

सुबोधनं हे हातवारे करून पोलिसांना विचारलं, नर्सरीतल्या माळ्यांना विचारलं, वहिनीला तर विचारू नये अशा वेळी विचारलं. सगळ्यांनी पाहिलं होतं ते एवढंच, की पद्माकर नर्सरीमागच्या तळ्यात छातीपर्यंत बुडालेला, उताणा, आणि काठावरच्या काळ्या कुत्र्याच्या जबड्यात त्याचं उजवं मनगट. कुत्र्यानं चारही पाय चिखलात रोवलेले. मनगटावर दाताचा साधा ओरखडा नव्हता.

पद्माकर परदेशात, एका बेटावरच्या शहरात, बँकेत अकाउंटंट होता. चाळिशीला आल्यावर आकड्यांचा वीट आला आणि त्यानं शहराच्या टोकाला, चोआ चू कांगच्या पलीकडे, जिथं वस्ती संपून झाडी सुरू होते तिथं, ऑर्किडच्या नर्सरीत भागीदारी घेतली. बायको अश्लेषा आणि पाच वर्षांचा वेदांत यांना घेऊन तो तिथल्याच बैठ्या घरात राहायला गेला. झाडीतून रानडुकरं यायची, वाफे उकरायची. एकदा तर एक मोठा डुक्कर पायरीपर्यंत आला, आणि पायरीवर वेदांत चित्र काढत बसला होता.

त्याच रात्री पद्माकरनं चंदगडला धाकट्या भावाला फोन लावला. "डुक्कर धरून ठेवणारं कुत्रं आणायचंय. पण घरात पोर आहे रे. शेजारच्या को अंकलकडचं एक आणून बघतोय, पण मला कळत नाही त्यातलं. तू ये आणि निवड."

सुबोधनं पाचवीतच शाळा सोडलेली, पण वडिलांच्या, आबांच्या, शिकारीच्या कुत्र्यांत तो लहानाचा मोठा झाला होता. दादानं आपल्याला काहीतरी विचारलं, याच आनंदात त्यानं पासपोर्ट काढला. कुत्रं निवडायला काढलेल्या तिकिटावर तो भावाच्या दहाव्याला पोचला.

त्या ऑक्टोबरात समुद्रापलीकडच्या पेटलेल्या जंगलांचा धूर बेटावर येऊन बसला होता. भर दुपारी सूर्य शेंदरी टिकलीसारखा दिसायचा. कपड्यांना, उशीला, भाताला, सगळ्याला जळक्या लाकडाचा वास. वहिनीनं शहरात, हौगांगला, भाड्यानं पाहिलेला फ्लॅट महिनाअखेरीला रिकामा होणार होता. तोवर वहिनीला आणि पोराला इथंच दिवस काढायचे होते. आणि डुकरांना सुतक नसतं. धुरामुळे ती आता दिवसाही कुंपणापाशी हुंगत फिरत होती.

"जाऊन एखादं कुत्रं घेऊन या, भावजी," वहिनी म्हणाली. "फक्त ते काळं नको."

शेजारचा को अंकल म्हातारा, दातांत काडी धरून बोलायचा. त्याच्या पिंजऱ्यात तीन कुत्री होती. सुबोधला इंग्रजी येत नव्हतं, पण कुत्रं निवडायला भाषा लागत नाही. त्यानं पट्टेरी कुत्रीच्या पुढ्यातली थाळी ओढली, ती गुरगुरली. ती बाद. पांढऱ्याजवळ त्यानं लहान पोरासारखं किंचाळून दाखवलं. त्याचे कान उभे राहिले आणि नजर बदलली. डुकराचं पिल्लूही असंच किंचाळतं. तेही बाद.

उरलं काळं, दादा गेल्यावर अंकलनं परत नेलेलं. को अंकल त्याला आ हेई म्हणायचा. सुबोधनं त्याचा कान पिरगाळला, शेपटी ओढली, तोंडातलं हाड काढून घेतलं. शेवटी मूठ जबड्यात घातली. आ हेईनं जबडा हळूच मिटला, मूठ धरली आणि त्याच्याकडे पाहत राहिलं. दात लागत होते, रुतत नव्हते.

दादाचं मनगट असंच धरलं असेल यानं... सुबोधचे डोळे भरून आले आणि तिथंच त्याचा निर्णय झाला.

"दिस वन कॅनॉट," अंकल म्हणाला. "दिस वन ऑलवेज लुक अॅट वॉटर."

सुबोधला एवढंच कळलं की म्हातारा नाही म्हणतोय. त्यानं खांबाची दोरी सोडली आणि कुत्र्याला घेऊन तो चालू लागला.

वहिनीनं कुत्रं पाहिलं आणि ती दारातच थांबली. "तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती मी."

"वहिनी, पोराजवळ ठेवायच्या लायकीचं तेवढं एकच आहे. आबांची शपथ."

"कुत्री पाहण्यात आयुष्य गेलंय म्हणे तुमचं," ती थकून म्हणाली. "बघा आता. वेदांतला काही झालं तर मला तोंड दाखवू नका."

वेदांतला मात्र कुत्रं फार आवडलं. तो त्याच्या पाठीवर गाल टेकून बसायचा. डुकरं आली, की आ हेई एकदाच कुंपणापर्यंत जायचं आणि डुकरं निघून जायची. दिवस बरे जात होते. खटकत होती ती एकच गोष्ट.

रोज दिवेलागणीला आ हेई उठून तळ्याकडे जाई. पहिल्या दिवशी सुबोधला वाटलं, पाणी प्यायला गेलं असेल. मग तो मागोमाग गेला. धुरात तळ्याचा पलीकडचा काठ दिसत नव्हता. पाणी हलत नव्हतं. आणि काठावर आ हेई पाय रोवून, मान ताठ करून, अंग मागे झोकून उभं होतं. डुकराला धरल्यावर कुत्रं उभं राहतं तसं. जबडा अर्धवट मिटलेला, जणू मनगटाएवढं काहीतरी त्यात होतं. पण जबड्यात काहीच नव्हतं... आणि तरी त्याचे पंजे चिखलात इंचाइंचानं पाण्याकडे घसरत होते.

पुरता अंधार पडल्यावर ते सुटलं, धापा टाकत घरी आलं आणि उंबऱ्यात आडवं पडलं.

सुबोध रात्रभर विचार करत राहिला आणि त्यानं कपाळावर हात मारला. घास राहिला होता. चंदगडकडे त्यांच्या घरी धरणारं कुत्रं आणलं, की घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा मीठभाकरीचा एकेक घास करत. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत ज्यानं त्यानं आपापल्या हातानं, बोटं जबड्यात घालून तो भरवायचा. मग त्या माणसावर कुत्रं जन्मात दात लावत नाही, आणि कुणी 'धर' म्हटलं तरी ऐकत नाही. घास नाही झाला म्हणूनच हे बिथरलंय, त्याला घर कुठलं ते कळत नाही, असं सुबोधनं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं भाकरी थापली, चुरली, मीठ घातलं आणि ताटलीत घास मांडले. दादा, वहिनी, आपण, वेदांत. लहानपणापासून घरची माणसं तो अशीच मोजत आला होता, दादापासून.

ताटली मागच्या पायरीवर ठेवून तो वहिनीला बोलवायला वळला, तेव्हा ती दारातच उभी होती. तिनं ताटलीकडे पाहिलं.

"चार कशाला?" ती हळूच म्हणाली.

सुबोध दादाचा घास उचलायला वाकला. पण आ हेई ताटलीपाशी नव्हतंच. ते पायरीखाली, तळ्याच्या बाजूला तोंड करून बसलं होतं. मान वर, जबडा उघडा. वेदांतच्या हातून बिस्किट घेताना ते असंच बसायचं, अदबीनं. मग जबडा हळूच मिटला. कुत्र्यानं गिळलं.

ताटलीत तीन घास होते.

"मुंग्या... कावळा असेल," सुबोध म्हणाला. वहिनीनं आपला घास भरवला, वेदांतला भरवायला लावला आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर आ हेई तळ्यावर गेलं नाही. दिवेलागणीला ते पायरीवर बसून धुराकडे पाहत शेपटी हलवायचं, घरधनी कामावरून येताना दिसल्यासारखी. सुबोधला बरं वाटलं. आबांचं शास्त्र खोटं नसतं, असं त्यानं वहिनीला दोनदा सांगितलंही.

मग एका संध्याकाळी वहिनी भांडी बांधत होती आणि सुबोध खोकी चिकटवत होता. वेदांत स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "काका, बाबा कम होम ऑलरेडी लाह."

"काय म्हणतोय, वहिनी?"

वहिनीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "बाबा घरी आलेत म्हणतोय."

"आ हेई डोन्ट बार्क अॅट हिम," वेदांत खुशीत म्हणाला. "बाबा बाहेर बोलावतात. हिज हॅन्ड सो कोल्ड, यू नो." आणि तो पळत गेला.

सुबोध खोकी ओलांडून धावला. मागचं दार उघडं. धूर आत येत होता, आणि त्यात लाकडाचा नव्हे, गाळाचा वास. वेदांत तळ्याच्या काठावर होता, घोट्यापर्यंत पाण्यात. त्याचा डावा हात खांद्याच्या उंचीवर वर गेलेला. लहान मूल मोठ्या माणसाचं बोट धरून चालतं तसा.

"आ हेई, धर! धर त्याला!"

कुत्रं काठावर पोट टेकून पडलं होतं. ते कण्हलं, थरथरलं, पण उठलं नाही. त्यानं दादाचा घास खाल्ला होता, आता दादाला ते धरणार नव्हतं.

सुबोध पाण्यात शिरला आणि त्यानं पोराचा उजवा हात पकडला. दुसऱ्या बाजूनं ओढ आली. जोराची नव्हे, सावकाश, समजूतदार, हट्टी पोराला घरी नेताना असते तशी. वेदांत मधे ताणला गेला आणि पहिल्यांदाच घाबरून रडू लागला. सुबोधनं पाय रोवले. पायाखालचा चिखल सरकत होता.

समोर धुराशिवाय काही दिसत नव्हतं. त्यानं त्या धुराकडे पाहिलं.

"दादा..." तो म्हणाला. "दादा, पोराला दुखतंय तुझ्या... सोड."

ओढ तशीच होती.

"मी सांभाळीन याला. तू सोड... दादा, आता सोड."

पाण्यावर एक लाट आली, गुडघ्याशी फुटली, आणि सुबोध पोराला घेऊन पाठीवर आपटला. वेदांतच्या डाव्या मनगटाभोवती पाच बोटांच्या पांढऱ्या पडलेल्या खुणा होत्या. वहिनी काठावर येऊन उभी होती. तिनं पोराला उचललं आणि कितीतरी वेळ तळ्याकडे पाहिलं. तिला कुणाला हाक मारायची होती की काय, कुणास ठाऊक. मग ती घराकडे वळली.

त्याच रात्री तिघंही शहरात, बिशानला, पद्माकरच्या जुन्या सहकाऱ्याकडे झोपले. आ हेईला को अंकलनं परत घेतलं, न विचारता. दोन दिवसांनी फ्लॅटची किल्ली मिळाली. लॉरीवाल्यानं हौगांगच्या नवव्या मजल्यावर सामान चढवलं. फ्लॅट लहान होता, पण खिडकीतून खाली बाजार दिसत होता. माणसांचा आवाज येत होता. धूरही विरला होता. वेदांत रिकाम्या खोल्यांतून पळत होता, आणि वहिनीनं त्या महिन्यात पहिल्यांदाच सुबोधला चहा विचारला.

"जेवून निघा भावजी. विमान रात्रीचं आहे ना?"

"दूध आणतो आधी," म्हणून सुबोधनं दार उघडलं.

दारासमोर चपला होत्या. वहिनीच्या, वेदांतच्या, त्याच्या स्वतःच्या. त्यांच्या शेजारी, टाचा नीट जुळवून, काळे गमबूट ठेवले होते. दादाचे. तळ्यातून दादाला काढलं तेव्हा तो अनवाणी होता, आणि बूट गळ टाकूनही सापडले नव्हते. त्यांच्यावर ओला गाळ होता.

"कोण आहे हो?" आतून वहिनीनं विचारलं.

"कुणी नाही," सुबोध म्हणाला. "तुम्ही कडी लावून घ्या. मी सांगेपर्यंत उघडू नका."

कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत तो थांबला. मग त्यानं खाली वाकून बूट उचलले. ते आतून ऊबदार होते, नुकतेच पायांतून काढल्यासारखे. "चल, दादा," म्हणत, ते काखेत घट्ट धरून तो जिन्यानं उतरू लागला.