नऊ मायक्रॉन

मापनयंत्राच्या पडद्यावर मृणालिनी खासनीस यांच्या कडीचं वर्तुळ उमटलं. निर्दोष. शेजारची दत्तू चौगुल्यांची कडी मात्र नऊ मायक्रॉनने लंबगोल निघाली.

टायटनकडे जाणाऱ्या यानाच्या इंधनझडपेत यातली एकच कडी बसणार होती. मृणालिनीबाई नाशिकच्या या प्रयोगशाळेतल्या मुख्य अभिकल्पक. चौगुले पंचवीस वर्षं लेथवर उभे राहिलेले कारागीर. तरी कुठलाही आराखडा पुढे आला की प्रमुख गोन्साल्विस सर आधी विचारत, "चौगुले काय म्हणतात?" बाईंचा तेव्हा जळफळाट व्हायचा. आज मात्र बाईंची कडी निवडली गेली होती.

"एवढी चूक तुमच्या हातून, चौगुले?" त्यांनी मुद्दाम सर्वांदेखत विचारलं.

"चूक नाही, मॅडम. कापताना धातूच्या पोटात ताण कोंडून राहतो. तो वर्षानुवर्षं सुटत राहतो आणि कडी वाकते. म्हणून मी ती आधीच उलट्या अंगाला वाकडी ठेवलीय. सात वर्षांनी पोचेल तेव्हा गोल असेल."

"मग भट्टीत तापवून ताण काढायचा."

"ताण गेला की ताकदही गेली. झडपेचा दाब सोसायची नाही ती."

कुणी तरी हसलं. नियम गोलाईचा होता. विषय तिथेच संपला.

बाईंच्या खोलीत नवा ताणदर्शक बसवला होता. धातूतला सुप्त ताण वाचून वस्तूचा पुढचा आकार सांगणारं यंत्र. सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी दोन्ही कड्या त्यात ठेवल्या. सात वर्षांनंतर चौगुल्यांची कडी गोल होती. त्यांची स्वतःची नऊ मायक्रॉन लंबगोल. म्हणजे झडप गळणार.

सरांकडे जाऊन चौगुले बरोबर आहेत म्हणायचं? पाय उचलेना. कड्यांवर क्रमांक नव्हते. कोरले असते तर ताण बदलला असता. क्रमांक होते ते डब्यांवर. बाईंनी कड्यांची अदलाबदल केली. यान वाचेल आणि नावही आपलंच राहील.

सोमवारी डबा मोहोरबंद करण्याआधी सरांनी ऐनवेळी दोन्ही कड्या पुन्हा मोजायला लावल्या. बाईंच्या डब्यातली लंबगोल, चौगुल्यांच्या डब्यातली गोल!

"आधीच्या नोंदीत घोळ झालेला दिसतोय," सर म्हणाले. "गोल असेल ती जाणार. चौगुले रजेवर आहेत ना? फोन लावा, अभिनंदन करू."

नुसतं गप्प राहिलं की पुरे होतं. सात वर्षांनी यान निकामी झालं असतं आणि दोष चौगुल्यांच्या नावावर गेला असता. त्या विचाराने बाईंना क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून त्या हादरल्या. पलीकडे घंटी वाजू लागली होती.

"फोन ठेवा, सर. ती गोल कडी माझी आहे. कड्या मी बदलल्या."

त्यांनी ताणदर्शकाचे आलेख पुढे ठेवले. लंबगोल कडी चौगुल्यांच्या नावाने यानात बसली. बाईंना मोहिमेतून काढण्यात आलं.

रजेवरून परतल्यावर चौगुले त्यांच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"मॅडम, तेवढं यंत्र मला शिकवाल? मी आपला आजवर हाताच्या अंदाजानंच करत आलोय."

हाताच्या अंदाजाने! बाईंचा तोच जळफळाट पुन्हा उसळला. मग त्यांनी ताणदर्शकासमोर दुसरी खुर्ची ओढली.

"बसा," त्या म्हणाल्या.